स्कॅन तुमचा, चित्र कुणाचं? नव्या संग्राहकांसाठी कॉपीराइटची ओळख

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून एका जुन्या हिंदी सिनेमाचं पोस्टर आणलं. घड्यांवर जड पुस्तकं ठेवून ते सपाट केलं, तुकड्यातुकड्यांनी स्कॅन केलं, संगणकावर जोडलं, पाण्याचे डाग पुसले, विटलेला लाल रंग पुन्हा उजळला. एवढी मेहनत घेतल्यावर कोपऱ्यात आपलं नाव टाकून 'सर्व हक्क राखीव' असं लिहावंसं वाटणं साहजिक आहे. पण तो हक्क खरोखर आपला आहे का, हे ठरवायची एक रीत आहे. ती कळली की दुसऱ्याचं चित्र नकळत आपल्या नावावर लागत नाही आणि आपलं खरं काम हातचं जात नाही. टपाल तिकिटं, नाणी, नोटा, काडेपेटीचे छाप, पोस्टकार्डं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, सिनेमाची पोस्टरं या सगळ्यांना ती लागू पडते. पुढचं सगळं भारताच्या कॉपीराइट अधिनियमाला (१९५७) आणि त्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीला धरून आहे.

पायरी १ : तीन गोष्टी वेगळ्या करा

हातात असतो एक कागद, पण त्यात तीन मालमत्ता असतात. पहिली म्हणजे वस्तू: तो कागद, ते नाणं. पैसे मोजलेत, वस्तू तुमची. ती विका, भेट द्या, फ्रेम करून भिंतीवर लावा. दुसरी म्हणजे वस्तूवरचं चित्र किंवा रचना. ते कुणीतरी काढलेलं आहे आणि कागद विकत घेतल्याने त्याचा कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही. तिसरी म्हणजे तुम्ही तयार केलेली प्रतिमा: स्कॅन, फोटो किंवा संपादित फाइल.

नव्या माणसाचा गोंधळ जवळजवळ नेहमी पहिल्या दोन गोष्टी एक समजण्यातून होतो. "मूळ प्रत फक्त माझ्याकडे आहे, म्हणून चित्र माझं" हे जाणत्या विक्रेत्यांकडूनही ऐकू येतं. जगात एकच प्रत उरली असली तरी मालकी त्या प्रतीचीच असते. वस्तू विकायची असेल तर नुसत्या विक्रीला चित्रकाराची परवानगी लागत नाही. त्याच चित्राच्या नव्या प्रती काढून विकायच्या म्हटलं की प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा होतो, आणि पुढची पायरी त्याचीच.

पायरी २ : वस्तूवरचं चित्र मुक्त झालं आहे का?

मुक्त म्हणजे कॉपीराइटची मुदत संपून सर्वांचं झालेलं. इथे घाई करू नका. सगळा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो.

चित्रकाराचं नाव माहीत असेल तर हिशेब सोपा आहे. त्याच्या मृत्यूच्या वर्षात ६० मिळवा. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुदत संपते. रावबहादूर धुरंधर १९४४ मध्ये गेले. त्यांची पोस्टकार्डं मुंबईच्या संग्राहकांचा जीव की प्राण आहेत आणि ती २००५ च्या १ जानेवारीपासून सर्वांची झाली. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं काम २०१४ अखेर मुक्त झालं. दीनानाथ दलाल मात्र १९७१ मध्ये गेले. त्यांचं मुखपृष्ठ असलेला दिवाळी अंक तुम्हाला रद्दीत सापडला तरी त्या चित्रावरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत जिवंत आहे. एस. एम. पंडितांच्या कामाला तर अजून बरीच वर्षं आहेत. ते १९९३ मध्ये गेले.

मुदत चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजायची, पण हक्काचा धनी दुसरा असू शकतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा किंवा फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. नोकरीत केलेल्या कामाचा मालक सहसा नोकरी देणारा. म्हणून पोस्टरसाठी परवानगी मागायची तर चित्रकाराच्या वारसांबरोबर निर्मात्याचाही शोध घ्यावा लागतो. चित्रकार अज्ञातच असेल, जसं बहुतेक काडेपेटीच्या छापांचं असतं, तर ६० वर्षं प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जातात. नाव नंतर, पण मुदत संपण्याआधी उघड झालं तर पुन्हा मृत्यूपासूनचा हिशेब लागू होतो.

रविवर्म्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ओलिओग्राफकडे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांकडे, जरा थांबून पाहा. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच मुक्त झाली. पण १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेला त्यांचा छापखाना पुढे मळवलीला गेला, दुसऱ्यांच्या मालकीचा झाला आणि त्यांच्या पश्चातही कित्येक वर्षं इतर चित्रकारांची चित्रं छापत राहिला. कागदाच्या तळाशी छापखान्याचं नाव आहे एवढ्यावरून चित्र रविवर्म्यांचं ठरत नाही. चित्रातली सही शोधा.

सरकारी वस्तूंचा हिशेब वेगळा. तिकीट आणि नाणं हे सरकारी काम, पहिला मालक सरकार. मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं. स्वतंत्र भारताचं 'जय हिंद' लिहिलेलं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, ते २००७ अखेर मुक्त झालं. गांधीजींची १९४८ ची चार तिकिटं २००८ अखेर. रिझर्व्ह बँकेसारख्या कायद्याने स्थापलेल्या संस्थेच्या कामालाही प्रकाशनापासून ६० वर्षंच. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, बाकीच्या नोटा बँकेच्या. परवानगीचं पत्र कुणाला लिहायचं हे त्यावरून ठरतं. मुदतीतल्या तिकिटांसाठी पत्र दिल्लीच्या डाक भवनात, टपाल खात्याच्या फिलाटेली (तिकीटसंग्रह) विभागाकडे जातं.

जुन्या छायाचित्रांची पोस्टकार्डं असतील तर लक्षात ठेवा: २१ जून २०१२ पर्यंत छायाचित्राला प्रकाशनापासून ६० वर्षंच संरक्षण होतं. १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदत २०११ अखेर संपलेली होती आणि ती पुन्हा जिवंत झालेली नाही. त्यानंतरच्या छायाचित्रांना मुक्त समजून चालू नका. आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असा नियम आहे. परदेशी वस्तूंना भारतात साधारण भारतीय वस्तूंसारखंच संरक्षण मिळतं, पण मूळ देशातल्या मुदतीपेक्षा जास्त नाही. अमेरिकेची १९७८ पूर्वीची तिकिटं तिकडेच मुक्त आहेत.

पायरी ३ : स्कॅन केला की फोटो काढला?

चित्र मुक्त आहे असं ठरलं, तर आता तुमच्या प्रतिमेकडे वळू. सपाट वस्तू काचेवर ठेवून बटण दाबलं की येतो तो स्कॅन. तो जितका चांगला तितका मुळासारखा, आणि मुळासारखा म्हणजे त्यात तुमचं असं नवीन काही नाही. कॉपीराइटला 'मूळ' काम लागतं. ते कधी ठरतं हे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सांगितलं आहे. निकाल डिसेंबर २००७ चा, आणि संग्राहकाने तो एकदा समजून घ्यावा असा.

न्यायालयांच्या निकालांचा मजकूर सर्वांचा आहे. एका प्रकाशनाने तो शुद्ध करून, संदर्भ जोडून छापला आणि त्यावर हक्क सांगितला. न्यायालयाने म्हटलं, नुसती मेहनत आणि खर्च पुरत नाही. कौशल्य आणि निर्णयबुद्धी हवी, आणि त्यात थोडी तरी सर्जनशीलता हवी. चुका दुरुस्त करणं, विरामचिन्हं घालणं याला हक्क मिळाला नाही. कुठला परिच्छेद कुठे तोडायचा, कोणत्या न्यायाधीशांचं मत कुठे वेगळं पडतं हे ठरवून केलेल्या मांडणीला मिळाला.

हाच गज घेऊन आपल्या कामाकडे पाहा. तिकिटाचा सरळ स्कॅन पहिल्या गटात जातो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात मुक्त चित्रांच्या हुबेहूब छायाचित्रांबद्दल हेच म्हटलं, आणि युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात मुक्त दृश्यकलेच्या अशा नकलांना नवा हक्क मिळणार नाही असं लिहूनच टाकलं.

नाण्याचं तसं नाही. नाणं सपाट नसतं. उजेड कुठल्या बाजूने पाडायचा, अक्षरांचा उठाव दाखवायचा की धातूची झिलई, पार्श्वभूमी काळी की करडी, कॅमेरा किती कलता ठेवायचा हे सगळं फोटो काढणारा ठरवतो. शिवराईवरची झिजलेली अक्षरं वाचता येतील असा फोटो काढणं हे कसब आहे. त्या फोटोवरचा हक्क काढणाऱ्याचा, आणि तो त्याने जरूर सांगावा. बिल्ले, पदकं, अत्तराच्या जुन्या बाटल्या, पत्र्याची खेळणी यांनाही हेच लागू.

पायरी ४ : संपादनात काय केलं ते खरं खरं मांडा

एक कागद घ्या आणि फाइलवर काय काय केलं ते लिहा. धूळ आणि ओरखडे काढले, सरळ केलं, कडा कापल्या, रंग मुळाबरहुकूम केला, फाटलेली जागा शेजारच्या रंगाने भरली. हे सगळं मुळाकडे परत जाण्याचं काम आहे. त्याला वेळ लागतो, नजर लागते आणि त्याचे पैसे जरूर घ्यावेत, पण त्यातून नवा कॉपीराइट उभा राहील यावर भरवसा ठेवू नये. ओलिओग्राफ साफ करणाऱ्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही धुरंधरांचं पोस्टकार्ड स्वच्छ केलं म्हणून ते पुन्हा कुणा एकाचं होऊ नये, असंच मला वाटतं.

मुळात नव्हतं असं काही ठरवून आणलं की गोष्ट बदलते. काळ्यापांढऱ्या पोस्टकार्डात गिरगावातल्या दुकानांच्या पाट्यांना, साड्यांना, ट्रामला कोणते रंग द्यायचे हे तुम्ही अभ्यासाने ठरवलंत. किंवा मुंबईच्या टपाल शिक्क्यांचे प्रकार एका पानावर क्रम लावून, बाण दाखवून, टिपा लिहून मांडलेत. तिथे ती रंगयोजना, ती मांडणी, तो मजकूर तुमचा. त्यातलं एकेकटं तिकीट मात्र तुमचं होत नाही. दुसरा संग्राहक तेच तिकीट स्वतः स्कॅन करून वापरू शकतो. एका बटणावर रंग भरणारं किंवा तपशील वाढवणारं सॉफ्टवेअर वापरलं असेल तर तुमची निवड त्यात किती हा प्रश्न उभा राहतो आणि दावा तितकाच पातळ होतो. शिवाय अशी सॉफ्टवेअरं मुळात नसलेली अक्षरं आणि नक्षी घुसवतात. संदर्भासाठी ठेवलेल्या प्रतिमेत ते अजिबात चालणार नाही.

मूळ चित्र मुदतीत असेल तर कितीही सुंदर संपादन केलं तरी ते परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी, खासगी अल्बमसाठी स्कॅन करायला कायद्याची मोकळीक आहे, आणि समीक्षेत वाजवी वापरालाही. दलालांच्या रेषेबद्दल लिहिताना एक मुखपृष्ठ दाखवणं वेगळं, त्याच मुखपृष्ठाचे टी-शर्ट छापणं वेगळं.

आणि कोपऱ्यातली सही कधीही पुसू नका, ती डागासारखी दिसत असली तरी. आपलं नाव राहावं आणि आपल्या कामाची अप्रतिष्ठा होईल असा बदल होऊ नये, हा कलावंताचा हक्क कायद्यात वेगळा सांगितला आहे. कॉपीराइट विकला तरी तो त्याच्याकडे राहतो, आणि त्याच्यामागे वारस तो बजावू शकतात.

पायरी ५ : कामाला आणखी हात लागले असतील तर लेखी घ्या

फोर्टातल्या झेरॉक्सच्या दुकानात मोठं पोस्टर स्कॅन करून घेतलंत, तर दुकानदाराचा त्यावर काही हक्क येत नाही. त्याने फाइल स्वतःकडे ठेवू नये एवढं सांगा. पैसे देऊन फोटोग्राफरकडून नाण्यांचे फोटो काढून घेतलेत, तर वर सांगितल्याप्रमाणे पहिले मालक तुम्ही. पण रंग भरणारा, मांडणी करणारा बाहेरचा कलाकार असेल तर हे गृहीत धरू नका. त्याच्या नव्या भरीचा हक्क त्याच्याकडेच राहू शकतो. मित्राने मैत्रीखातर, मोबदला न घेता फोटो काढले असतील तर ते मित्राचे.

हक्क तोंडी दिले जात नाहीत. देणाऱ्याच्या सहीचा लेखी कागद लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, कागदात वेगळं म्हटलं नसेल तर, तो परत जातो. कागद लांबलचक नको. सोबतच्या यादीतील प्रतिमांचे सर्व हक्क, जगभरासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, अमुक रकमेच्या मोबदल्यात दिले आहेत, आणि ते न वापरल्यास परत जाणार नाहीत: एवढं लिहा आणि खाली तारीख, सही घ्या.

दुसऱ्याच्या संग्रहातली वस्तू स्कॅन करायला मिळाली तर आधीच ठरवा की स्कॅन कुठे वापरणार आणि "संग्रह : अमुक" असा उल्लेख हवा की नाव गुप्त ठेवायचं. चोरीच्या भीतीने अनेक जुने संग्राहक नाव छापू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. संग्रहालयात फोटो काढायची, वापरायची परवानगी ही त्या संस्थेच्या नियमांची बाब आहे. चित्र मुक्त असलं तरी तुम्ही मान्य केलेली अट पाळावी लागते.

पायरी ६ : नोटा आणि तिकिटांबाबत सावध राहा

हा मुद्दा कॉपीराइटचा नाही, पण टाळता येत नाही. चलनी नोटेसारखा दिसणारा कागद छापणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि टपाल तिकिटाची नक्कल बनवणं, बाळगणंही. फोटोशॉप अनेक नोटांचे स्कॅन उघडूच देत नाही, त्याचं कारण बनावट नोटांना आळा घालणं हेच. नोटेचं चित्र दाखवायचं तर कमी रेझोल्यूशनचं, एकाच बाजूचं, मध्ये ठळक 'नमुना' लिहून दाखवा. कोऱ्या तिकिटाच्या छापील चित्रावर आडवी रेघ मारायची पद्धत अनेक देशांत आहे, तीही चांगली. खऱ्या आकारात छपाई टाळा.

पायरी ७ : पुरावा जपा

मूळ स्कॅन टिफमध्ये, न छेडता ठेवा. तिकिटाला १२०० डीपीआय, पोस्टकार्डाला ६०० पुरे. संपादन नेहमी प्रतीवर करा आणि थरांसह फाइल सांभाळा. वाद झाला तर कोणता रंग तुम्ही भरलात हे तीच फाइल दाखवते. सोबत एका तक्त्यात वस्तू कुठून कधी घेतली, चित्रकार कोण, तो कधी गेला, मुदत कधी संपते आणि संपादन काय केलं हे लिहीत जा. मागची बाजूही स्कॅन करा. प्रकाशकाचं नाव आणि छापखान्याची ओळ बहुतेक वेळा तिथेच असते.

फाइलच्या मेटाडेटात नाव, संग्रह आणि वापराची अट भरून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती गळून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसऱ्याच्या फाइलमधली हक्कविषयक माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा २०१२ पासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

पायरी ८ : नाव कसं लावायचं

फोटो तुमचा, मांडणी तुमची, तर बिनदिक्कत 'छायाचित्र © नाव, वर्ष' लिहा. मुक्त चित्राचा सरळ स्कॅन असेल तर 'स्कॅन आणि दुरुस्ती : नाव' एवढंच लिहा. श्रेय मिळतं आणि खोटा दावाही होत नाही. धुरंधरांच्या चित्रातल्या बाईच्या चेहऱ्यावर आडवा वॉटरमार्क मारलेला पाहिला की वाईट वाटतं. चित्र बघायचं कसं, आणि अभ्यासकाने ते वापरायचं कसं?

खोट्या दाव्याला कायदेशीर बाजूही आहे. नसलेल्या हक्काच्या जोरावर खटल्याची धमकी दिलीत, तर ज्याला धमकावलंत तो उलट तुमच्याविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतो आणि नुकसानभरपाई मागू शकतो. अधिनियमाचं कलम ६० त्यासाठीच आहे.

इतरांनी वापरावं असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा, पण ज्याचा हक्क तुमच्याकडे आहे त्यालाच. मुक्त चित्राच्या स्कॅनला 'सार्वजनिक मालकीचं' असा स्वच्छ शेरा द्या.

पायरी ९ : कुणी तुमचा फोटो उचलला तर

आधी वरच्या पायऱ्यांवरून खात्री करा की उचललेली गोष्ट खरोखर तुमची आहे. मग त्या माणसाला साधा, नम्र निरोप पाठवा: फोटो माझा आहे, नाव लावा किंवा काढून टाका. संग्राहकांचं जग लहान आहे. फाउंटनच्या फुटपाथवरचा नाणेवाला, जीपीओच्या फिलाटेली काउंटरवर भेटणारी माणसं, लिलावात शेजारी बसणारे सगळे एकमेकांना ओळखतात. बहुतेक प्रकरणं त्या निरोपावरच मिटतात.

नाही मिटलं तर ज्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर फोटो आहे त्याला लेखी तक्रार द्या. फोटो कुठला, हक्क तुमचा कसा आणि तो नेमका कुठे दिसतो हे त्यात हवं. दखल घ्यायची तर ३६ तासांत त्यांनी मजकूर रोखायचा असतो. पण ती रोख २१ दिवसांची असते. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते मजकूर पुन्हा खुला करू शकतात. म्हणून तक्रार देण्याआधीच वकिलाशी बोलून ठेवा. दावा तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या न्यायालयात लावता येतो, त्यासाठी समोरच्याच्या गावी जावं लागत नाही.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. काम झालं की हक्क आपोआप येतो. तरी नाण्यांच्या फोटोंचा मोठा संच विकायचा असेल तर नोंदणीचा दाखला हाती असलेला बरा. कलाकृतीला प्रत्येकी ५०० रुपये शुल्क आहे, मालाच्या लेबलासाठी वापरायची असेल तर २,०००. अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. अर्जात 'मूळ काम' या रकान्यात तुम्ही काढलेला फोटो किंवा केलेली मांडणी एवढंच लिहा. नाण्यावरचा छाप त्यात धरू नका.